कांद्याच्या मुळाची स्लाइड : मेटाफेज का सापडत नाही? आणि गुणसूत्रं १६ की ३२?

धंतोलीकर (प्रश्न)

ज्युनिअर कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कांद्याच्या मुळाग्राची स्क्वॅश (दाबून पसरवलेली) स्लाइड तयार करायची आहे. सामान सगळं हजर आहे, पण स्लाइडवर लांबट पेशी आणि प्रत्येकीत एक गोल केंद्रक, एवढंच दिसतं. मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत), ॲनाफेज (ती दोन टोकांकडे ओढली जाताना) या विभाजनाच्या अवस्था औषधालाही नाहीत.

सध्याची पद्धत : बाजारातला कांदा पाण्याच्या ग्लासवर चार दिवस. मुळं ४-५ सेंमी वाढलेली. दुपारी २ च्या सुमारास कापून ॲसिटिक-अल्कोहोलमध्ये (१ भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ३ भाग अल्कोहोल). हे द्रावण दहा दिवसांपूर्वी करून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी मूळ स्लाइडवर घेऊन एन/१० हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब, मग ॲसिटोकार्माइनचा रंग, स्पिरिट लॅम्पवर शेक, मुळाचा तुकडा ठेवून कव्हर स्लिप, अंगठ्याने दाब.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.
१) नेमकं कुठे चुकतंय?
२) नागपुरात पारा ४० ला टेकलाय. त्याचा संबंध असेल का?
३) मुलं विचारतात, एस फेजमध्ये (विभाजनाआधीच्या टप्प्यात) डीएनए दुप्पट होतो तर गुणसूत्रं १६ ची ३२ का होत नाहीत? आणि वर एका तयार स्लाइडवर मोजली तर ३२ भरतात, ती कशी?

मुळाग्र

लांबट पेशी दिसतात म्हणालात, तिथेच उत्तर आहे. तुमच्या स्लाइडवर मुळाचं टोक नाहीच आहे, त्याच्या मागचा भाग आहे.

मुळाच्या अगदी शेंड्याला मूळटोपी असते. तिच्या लगेच मागे जेमतेम १ ते २ मिलिमीटरचा पट्टा म्हणजे विभाजन करणाऱ्या पेशींचा, मेरिस्टेमचा. त्याच्या मागे पेशी नुसत्या लांब होतात, विभागत नाहीत. म्हणजे ५ सेंमीच्या मुळात कामाचा भाग साबुदाण्याच्या दाण्याएवढासुद्धा नाही. विभाजन करणाऱ्या पेशी चौकोनी, लहान, एकमेकींना चिकटलेल्या आणि केंद्रकाने जवळजवळ भरलेल्या असतात. लांबट पेशी, मधे मोठी रिक्तिका, केंद्रक कडेला ढकललेलं, असं दिसलं की स्लाइड सरळ धुवायला टाका. त्यात वेळ घालवून काही मिळत नाही.

टोक ओळखायचं कसं? फिक्सेटिव्हमध्ये (त्या ॲसिटिक-अल्कोहोलमध्ये) मूळ पांढरं पडतं, तेव्हा शेंडा निमुळता आणि बाकीच्यापेक्षा दुधट, अपारदर्शक दिसतो. कापलेलं टोक सपाट आणि किंचित पारदर्शक असतं. कार्माइन दिल्यावर तर चूक व्हायला जागाच उरत नाही : शेंड्याचा २ मिमी भाग गडद लालसर होतो, मागचा फिका राहतो. ब्लेडने तो गडद भाग ठेवायचा आणि मागचा सगळा काढून टाकायचा. वर्गात नेमकं उलटं होतं, कारण मागचा तुकडा मोठा असतो आणि चिमट्यात नीट येतो.

आता बाकीच्या पायऱ्या. यातल्या तीन ठिकाणी तुमचं बिघडतंय.

फिक्सेटिव्ह दहा दिवसांचं चालत नाही. अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड एकत्र राहिले की हळूहळू एस्टर बनतो. बाटली उघडल्यावर गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला तर तो एथिल ॲसिटेटचा. म्हणजे ज्यासाठी मिश्रण केलं ते दोन्ही घटक कमी झाले. वापरायच्या दिवशी ताजं करा : ३० मिली ॲब्सोल्यूट अल्कोहोल, १० मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. या दोघांची जोडी उगाच नाही. अल्कोहोल पेशी आकसवतं, ॲसिटिक ॲसिड फुगवतं; दोन्हींचा तोल साधला की गुणसूत्रं आहेत तशी गोठतात. मुळं कापल्या कापल्या आत टाकायची, ट्रेमध्ये मांडून ठेवायची नाहीत. २४ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवली तर पुढच्या बॅचलाही वापरता येतात.

दुसरं ॲसिड. एन/१० चा एक थेंब पुस्तकात असतो हे खरं, पण थंड स्लाइडवर त्याने जाड मूळ मऊ होत नाही. पेशींना जोडणारा पेक्टिनचा थर विरघळला नाही तर अंगठ्याने कितीही दाबा, पेशी सुट्या होत नाहीत, थरावर थर बसतात. १ एन ॲसिड (एन/१० च्या दहापट तीव्र) ६० अंशांना तापवून त्यात मुळं ५ ते ८ मिनिटं ठेवा. १ एन करायला तीव्र ॲसिड सुमारे ८.५ मिली घेऊन १०० मिलीपर्यंत पाणी. आधी निम्म्याहून जास्त पाणी घ्यायचं, त्यात ॲसिड सावकाश ओतायचं, उलटं कधीच नाही. वॉटर बाथ नसेल तर स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी, त्यात टेस्ट ट्यूब आणि थर्मामीटर. झालं की नाही ते पाहायची खूण : चिमट्याने उचलल्यावर मुळाचा शेंडा लवतो, पण तुटत नाही. तुटला तर ॲसिड जास्त झालं. मग रंगही नीट चढत नाही. ॲसिडनंतर मूळ पाण्यात नीट धुवायचं.

तिसरी पायरी शेक आणि दाब. यावर जरा सविस्तर.

स्लाइडवर कार्माइनने रंगलेलं गडद टोक, त्यावर ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब. पुस्तकात पाणी असतं; पण ॲसिटिक ॲसिडने पेशीद्रव्यातला रंग उतरतो आणि गुणसूत्रं उठून दिसतात. कव्हर स्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा, म्हणजे बुडबुडे अडकणार नाहीत. आता स्लाइड ज्योतीवरून सर्रकन तीन-चार वेळा फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला लावली तर चटका बसावा, पण हात काढून घ्यावासा वाटू नये, इतकीच गरम. कडेला बुडबुडे फुटायला लागले म्हणजे उकळलं, पेशी गेल्या. मग पेन्सिलच्या रबराच्या बाजूने कव्हर स्लिपवर टोकाच्या बरोबर वर हलके दहा-पंधरा ठोके. ठोके देताना खाली पाहत राहा : गडद ठिपका पसरून धूसर, फिका गोल डाग व्हायला लागतो. तसा झाला की घडी घातलेला टीपकागद वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. कव्हर स्लिपचा एक कोपरा दुसऱ्या बोटाने धरून ठेवायचा. अंगठा कणभर जरी बाजूला सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रांच्या जागी लांब लाल रेघा दिसतात. भिंगाखाली सगळ्या रेघा एकाच दिशेला पडलेल्या असतील तर चूक विभाजनाची नाही, अंगठ्याची.

टीपकागद

मुळाग्र यांनी सगळं नीट सांगितलंय. वेळ आणि उन्हाळा यांवर थोडी भर.

सकाळी ८ ते १० मध्ये मुळं कापा, असं पुस्तकात असतं आणि बरेच शिक्षक त्याला मुहूर्तासारखं मानतात. सकाळ चांगलीच, पण खरं कारण घड्याळात नाही. मुळाला सलग काही तास सारखं तापमान, ताजं पाणी आणि हवा मिळाली की विभाजन चालू राहतं. कांद्याच्या मुळाला २० ते २५ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतलं पाणीच दुपारी ३५ च्या वर जातं, त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मुळं पिवळी, बुळबुळीत पडतात आणि शेंडे तपकिरी होतात. शेंडा तपकिरी म्हणजे मेरिस्टेम मेलं. ते मूळ १० सेंमी लांब असलं तरी उपयोगाचं नाही.

म्हणून उन्हाळ्यात :

ग्लास कूलरच्या झोतात ठेवू नका, कूलरच्या खोलीत सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. पाणी माठातलं वापरलं तर सहज पाच-सात अंशांनी थंड मिळतं. ग्लासभोवती ओलं फडकं गुंडाळलं तर अजून बरं. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. नळाचं पाणी, मग ते पेंचचं असो की कन्हानचं, क्लोरीन मारलेलं असतं. रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरायचं.

कांदा निवडतानाही घोटाळे होतात. अगदी नवीन काढलेला कांदा सुप्तावस्थेत असतो, आठवडाभर ठेवला तरी मूळ धरत नाही. थोडा जुना, कडक आणि बुडाशी वाळक्या मुळांचा झुपका असलेला घ्यावा. कोंब येऊ नये म्हणून विकिरण केलेला किंवा रसायन फवारलेला माल टाळा. गॅमा किरणांनी डीएनए तुटतो, शेंड्यातल्या पेशींचं विभाजनच थांबतं. लासलगावात २००२ पासून असं केंद्र आहे. साठवणीसाठी ते उत्तम, पण आपल्याला हवं असतं नेमकं विभाजन. कळमन्याच्या बाजारातून घाऊक घेताना हे कोणी सांगत नाही, म्हणून आधी दोन-तीन कांदे पाण्यावर ठेवून बघा, मग पोतं आणा.

बुडाची वाळकी मुळं ब्लेडने खरवडताना वरवर खरवडा. खोल गेलात तर नवीन मुळं जिथून फुटतात ती कडच कापली जाते. फक्त बूड पाण्याला टेकावं, अर्धा कांदा बुडवला तर सडतो.

आणि मुळं ५ सेंमी होईपर्यंत थांबू नका. १.५ ते २ सेंमीला कापा. चार दिवस झाले म्हणजे उशीर झाला. चांगला कांदा दोन-तीन दिवसांत तेवढा होतो.

हिवाळ्यात उलटी अडचण. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांना गोठतं. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात रात्रीचा पारा १० च्या खाली गेला की सकाळी बाटलीत बर्फासारखा खडा सापडतो आणि लोक समजतात बाटली खराब झाली. खराब काही झालेली नसते. बूच सैल करून कोमट पाण्यात ठेवा, पातळ होईल. ज्योतीवर धरू नका, त्याची वाफ पेट घेते. आणि अर्धवट वितळलेली वरची धार मापून घेऊ नका, पूर्ण वितळू द्या.

धंतोलीकर

खूप उपयोग झाला. एक शंका : ॲसिटोकार्माइन फिका येतोय. बाटली जुनी आहे, पण तळाशी गाळ भरपूर दिसतो, म्हणजे रंग आहे ना?

मुळाग्र

तळाला बसलेला रंग पेशीत कसा जाईल? गाळून घ्या. गाळल्यावर द्रावण पारदर्शक गडद लाल हवं. ताजं करायचं तर ४५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड आणि ५५ मिली डिस्टिल्ड वॉटर उकळीला आणा, त्यात १ ग्रॅम कार्माइन, मंद आचेवर, फ्लास्कच्या तोंडावर फनेल ठेवून. वाफ नाकात जाते, खिडकी उघडी ठेवा. थंड झाल्यावर गाळून तपकिरी बाटलीत.

एक जुनी युक्ती : कार्माइनला लोहाची साथ मिळाली की रंग गडद बसतो. रंगात टोक असताना गंजलेल्या सुईने ते हलवलं की तेवढं लोह पुरतं. पण द्रावण लालचं निळसर-काळं व्हायला लागलं की थांबा, नाहीतर सगळीकडे गाळ पडेल आणि मुलं त्यालाच गुणसूत्रं म्हणतील.

रंग देऊनही पेशीद्रव्य आणि केंद्रक सारखंच लाल दिसत असेल तर फुलगन पद्धतीकडे वळा : १ एन ॲसिड, ६० अंश, ८ ते १० मिनिटं, मग शिफचं द्रावण अंधारात. फक्त डीएनए किरमिजी रंगतो, बाकी पेशी बिनरंगी. महाग पडते, पण मुलांना दाखवायला त्याहून स्वच्छ स्लाइड नाही. इथे ॲसिडची वेळ मात्र काटेकोर पाळावी लागते. ॲसिड डीएनएतले ॲडेनिन-ग्वानिन सोडवतं, त्यातून उघड्या पडलेल्या साखरेला शिफ रंगवतं. वेळ जास्त झाली तर डीएनएच विरघळून जातो आणि रंग उतरतो.

सेंट्रोमिअर_मोजा

तिसऱ्या प्रश्नावर कोणी आलं नाही, म्हणून लिहितो. बारावीच्या आणि नीटच्या मुलांचं इथे दरवर्षी अडतं, आणि दोष मुलांचा नाही. "डीएनए" आणि "गुणसूत्र" हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, तिथून गोंधळ सुरू होतो.

नियम एकच : गुणसूत्र मोजायचं म्हणजे सेंट्रोमिअर मोजायचा, म्हणजेच गुणसूत्रबिंदू. हात किती, धागे किती, याच्याशी देणंघेणं नाही.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं. जी-१ मध्ये, म्हणजे एस फेजच्या आधी, प्रत्येकात एक क्रोमॅटिड, म्हणजे एकच लांब डीएनए रेणू. डीएनएचं प्रमाण २सी म्हणू (१सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचाचा डीएनए). एस फेजमध्ये प्रत्येक रेणूची नक्कल झाली, डीएनए ४सी झाला. पण दोन्ही नकला सेंट्रोमिअरजवळ एकमेकींना बांधलेल्याच आहेत. सेंट्रोमिअरची जागा अजून एकच दिसते, म्हणून गुणसूत्रं १६ आणि क्रोमॅटिड ३२. मेटाफेजमध्येही तेच. ॲनाफेज सुरू झाला, जोड सुटला, की प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र ठरतं. त्या क्षणी त्याच एका पेशीत ३२ गुणसूत्रं असतात, १६ या टोकाला आणि १६ त्या टोकाला. मधली भिंत पूर्ण झाली की प्रत्येक नव्या पेशीत १६.

तयार स्लाइडवर ३२ मोजली असतील तर तीन शक्यता. पेशी ॲनाफेजमध्ये होती, म्हणजे मोजणी बरोबर. किंवा दाबताना शेजारच्या दोन पेशी एकावर एक आल्या. किंवा, आणि हे फार होतं, वाकलेल्या गुणसूत्राचे दोन हात दोन गुणसूत्रं म्हणून मोजले गेले. कांद्याची बरीचशी गुणसूत्रं मेटासेंट्रिक किंवा सबमेटासेंट्रिक आहेत, म्हणजे सेंट्रोमिअर मधोमध किंवा मध्याच्या जवळ. टोकाकडे ओढली जाताना मधोमध सेंट्रोमिअर असलेलं गुणसूत्र इंग्रजी 'व्ही'सारखं वाकतं. त्याचा कोन म्हणजे सेंट्रोमिअर, तेवढाच मोजायचा.

अर्धसूत्री विभाजनात हाच हिशेब : पहिल्या विभाजनाआधी १६ गुणसूत्रं, ४सी. पहिल्या विभाजनात जोड्या वेगळ्या होतात, क्रोमॅटिड नाही. म्हणून प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रं, पण अजून दोन-दोन क्रोमॅटिडची, डीएनए २सी. दुसऱ्यात क्रोमॅटिड सुटतात : ८ गुणसूत्रं, १सी. दुसऱ्या विभाजनाआधी एस फेज नसते, हे वाक्य मुलांकडून तीनदा लिहून घ्या.

आता त्या धाग्याच्या लांबीचा हिशेब, कारण फळ्यावर हा मांडला की वर्ग गप्प होतो. माणसाच्या द्विगुणित पेशीत साधारण ६.४ अब्ज बेस जोड्या. दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की सुमारे २.२ मीटर. कांद्याच्या एका संचात माणसाच्या पाचपट, सुमारे १६ अब्ज. दोन संच म्हणजे ३२ अब्ज जोड्या, सुमारे ११ मीटर. एस फेज झाल्यावर २२ मीटर. हे सगळं त्या २ मिमीच्या शेंड्यातल्या एकेका पेशीच्या केंद्रकात!

एका गुणसूत्रापुरतं बघा : सरासरी २ अब्ज जोड्या, म्हणजे एका क्रोमॅटिडमधला धागा सरळ केला तर ६८ सेंमी. मेटाफेजमध्ये तोच जेमतेम १० मायक्रोमीटरच्या आसपास मावलेला असतो. पहिली घडी न्यूक्लिओसोमची : आठ हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्याभोवती १४७ जोड्यांचे पावणेदोन वेढ्यांहून थोडे कमी वळसे. हिस्टोन धनभारित, डीएनएचा फॉस्फेटचा कणा ऋणभारित, म्हणून चिकटून राहतात. पुढच्या घड्या कंडेन्सिन नावाची प्रथिनं घालतात.

कांद्याचीच स्लाइड सगळीकडे का करतात, त्याचं उत्तरही इथेच आहे. डीएनए अवाढव्य, गुणसूत्रं फक्त १६, त्यामुळे प्रत्येक गुणसूत्र धष्टपुष्ट आणि शाळेच्या ४५ च्या भिंगातूनही दिसतं.

जंभेरी

वरच्या मुद्द्याला धरून : दरवर्षी कोणीतरी विचारतं, नागपुरात आहोत तर संत्र्याची स्लाइड काहून करू नये? करता येते, पण पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. संत्र्याची गुणसूत्रं १८, म्हणजे संख्या कांद्यासारखीच. पण लिंबूवर्गीय झाडांचा एक संच ३५-४० कोटी जोड्यांचा, कांद्याच्या चाळिसाव्या भागाएवढा. गुणसूत्रं म्हणजे नुसते ठिपके, १०० च्या तेल-भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. कपाशीचंही तेच : देशी आर्बोरियमची २६, अमेरिकन हिरसुटमची ५२, सगळी बारीक. संख्या जास्त म्हणजे झाड मोठं किंवा डीएनए जास्त, असं काही नसतं.

संत्र्यात सूत्री विभाजन शिकवायचं तर स्लाइड नको, बी घ्या. नागपुरी संत्र्याचं बी ओल्या कापडात रुजवलं की एका बियातून दोन, तीन, कधी त्याहून जास्त रोपं निघतात. त्यातलं एखादं परागीभवनातून, म्हणजे अर्धसूत्री विभाजन आणि फलन होऊन आलेलं. बाकीची न्यूसेलसच्या, म्हणजे आईच्याच ऊतीच्या पेशी साध्या सूत्री विभाजनाने वाढून झालेली. आईच्या हुबेहूब नकला. वरुड, शेंदुरजनाघाटकडच्या रोपवाटिका जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, त्यामागे हेच आहे. जंभेरीचं बीही बहुभ्रूणी असल्याने खुंटरोपं एकसारखी मिळतात. वाफ्यात फार उंच, फार खुजी किंवा वेगळ्या पानाची रोपं उपटून टाकतात ती बहुधा फलनातून आलेली असतात. वर्गाला शेंदुरजनाघाट नेता आला तर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते.

आता मेटाफेज हमखास पाहायचा असेल तर मुळांना फिक्स करण्याआधी प्रक्रिया द्यावी लागते. तुर्कतंतू, म्हणजे स्पिंडल, तयारच होऊ दिला नाही तर पेशी मेटाफेजला अडकून पडतात, आणि मुळात अशा पेशी साचत जातात.

कोल्चिसिन ०.०५ टक्के, ३ ते ४ तास, मग धुऊन फिक्स. ते ट्युब्युलिनला (तंतू ज्याचे बनतात त्या प्रथिनाला) चिकटतं, तंतू जुळत नाहीत. गुणसूत्रंही आखूड होऊन सुटी पडतात. मोजायला उत्तम, पण ॲनाफेज दिसणार नाही, कारण ओढणारे तंतूच नाहीत. दोन्ही हवं असेल तर अर्धी मुळं साधी ठेवा. जास्त वेळ ठेवलं तर पेशी न विभागताच पुढे जाते आणि ३२ गुणसूत्रांची होते, तेव्हा मोजणी चुकली असं वाटू शकतं.

कोल्चिसिन विष आहे, हातमोजे लागतात, मुलांच्या हातात द्यायचं नाही. आणि कोणी म्हणेल की विदर्भाच्या जंगलात कळलावी आहे, तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, तोच वाटून वापरू. अजिबात नको. प्रमाण कळत नाही आणि पोटात गेला तर जीव जातो.

शाळेला बिनविषारी रस्ता : मुळं असलेला कांदा बर्फाच्या पाण्यात, फ्रिजमध्ये ० ते ४ अंशांना २४ तास. थंडीनेही तंतू मोडतात. गव्हा-बार्लीला हे नेहमी करतात, कांद्यालाही चालतं. पॅराडायक्लोरोबेंझिनचं संपृक्त द्रावण ३ तास हाही पर्याय आहे, पण दुकानदार डांबरगोळी देईल ती बहुधा नॅफ्थलीनची. लेबल वाचून घ्या.

सेंट्रोमिअर_मोजा

जंभेरी, कोल्चिसिनवरून आठवलं म्हणून सांगतो. कांद्याच्या मुळावर कोल्चिसिनचा परिणाम आल्बर्ट लेवान यांनी १९३८ मध्ये नोंदवला. पुढे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ आणि याच लेवान यांनी स्वीडनमध्ये माणसाची गुणसूत्रं ४६ असल्याचं दाखवलं. तोवर पुस्तकांत ४८ छापत होते. कोल्चिसिन देऊन दाबायची वनस्पतींवरची ही पद्धत, आणि पेशी पातळ मिठाच्या पाण्यात फुगवण्याची युक्ती, दोन्ही एकत्र आल्यावर गुणसूत्रं सुटी झाली आणि मोजणी जमली. म्हणजे गुणसूत्रं एकमेकांवर चढली की मोठमोठेही चुकतात, मुलांना फार रागावू नका.

धंतोलीकर

ताज्या फिक्सेटिव्हने आणि १ एन ॲसिडने आता चौकोनी पेशी आणि बऱ्याच प्रोफेज (विभाजनाची सुरुवातीची अवस्था) दिसल्या. मेटाफेज एका स्लाइडवर दोन-तीनच. एवढेच असतात का? आणि मायटॉटिक इंडेक्स किती पेशींवर काढावा?

टीपकागद

एवढेच असतात. कुठली अवस्था किती दिसते ते त्या अवस्थेत पेशी किती वेळ घालवते त्यावर ठरतं. बहुतेक वेळ इंटरफेज (दोन विभाजनांमधला काळ), विभाजनातला बराच वेळ प्रोफेज, आणि मेटाफेज-ॲनाफेज झटपट उरकतात. दुपारी रस्त्यावर गाड्या धावताना दिसतात, सिग्नलवर वळणाऱ्या थोड्याच, तसंच हे.

इंडेक्स म्हणजे विभाजनात असलेल्या पेशी भागिले एकूण पेशी, गुणिले १००. समजा ५०० मोजल्या आणि ४० विभाजनात निघाल्या, तर ८. किमान ५०० तरी मोजा, आणि त्याही एका टोकाच्या नको, तीन-चार वेगवेगळ्या मुळांच्या. दाट भाग शोधून तिथेच मोजायचं नाही, स्लाइडची एक कड धरून नागमोडी सरकत जायचं. फुटलेल्या पेशी सोडून द्या. प्रोफेज की इंटरफेज असा संशय आला तर एक कसोटी : केंद्रकात शेवयांचा गुंता वेगवेगळ्या धाग्यांनी दिसतो की नुसतं दाणेदार दिसतं? दाणेदार म्हणजे इंटरफेज.

भिंग आधी १० वर ठेवून फिका डाग शोधा, मग ४५. कंडेन्सरचा डायफ्रॅम थोडा बंद केला की कडा ठळक होतात. पूर्ण उघडा ठेवला की सगळं पांढरं झगझगीत होतं आणि पेशी असूनही दिसत नाहीत.

मेटाफेज शोधताना एक फसगत होते. बाजूने दिसला तर पेशीच्या मधोमध आडवा गडद पट्टा, पण वरून दिसला तर शेवंतीच्या फुलासारखं वर्तुळ, त्याला मुलं प्रोफेज म्हणून सोडून देतात. तुमच्या दोन-तीनचे पाच-सहा इथेच होतील.

आकृती तपासताना दोन गोष्टींना लाल शाई लावा. कांद्याच्या पेशीत तारककेंद्र नसतं, त्यामुळे टोकांना किरणांचे तारे काढले असतील तर ती आकृती प्राण्याच्या पेशीवरून उतरवलेली आहे. आणि टेलोफेजला पेशी मधून चिमटलेली दाखवली असेल तर तेही प्राण्याचं. वनस्पतीत मधोमध नवी भिंत आतून बाहेर वाढत जाते आणि कडेच्या भिंतींना जाऊन मिळते. तुमच्या स्लाइडवर शेवटच्या टप्प्यातल्या पेशीत दोन केंद्रकांच्या मधे एक फिकट रेघ दिसेल, कडेपर्यंत न पोचलेली, तीच ती.

तात्पुरती स्लाइड दोन-तीन दिवस टिकवायची तर कव्हर स्लिपच्या कडा टिपून कोरड्या करा आणि नेलपॉलिशने बंद करा. कडा ओली असली तर नेलपॉलिश आत शिरतं आणि नेमकं चांगल्या मेटाफेजवर जाऊन बसतं.